पांढरीतले वर्ग

समितीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आठवणींचे लेख भरपूर आलेत, तू जरा वेगळं काहीतरी दे. कॉम्प्युटरवर वगैरे." मी हो म्हटलं आणि आठ दिवसांनी कळवलं, की लेख देते, पण इतिहासावर. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. इतिहासात मला किती मार्क पडायचे ते ज्यांना आठवतं, त्या आपल्या १९९६च्या बॅचच्या मित्रमैत्रिणींनी खुशाल हसून घ्यावं. सरांनीही हसावं.

पण याला सरच कारण आहेत. आठवीत एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आपल्याला किल्ल्यात नेलं होतं, आठवतं? आपल्याला किल्ल्याचं काही अप्रूप नव्हतं. गावाच्या मधोमध असलेला भुईकोट, भोवती खंदक, बुरुजांवर उगवलेली झाडं. रोज जाता-येता दिसणारी गोष्ट. सरांनी आधी नेहमीचं सांगितलं : १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला वगैरे. मग म्हणाले, "आता हे सगळं विसरा. समजा, सगळे कागद जळाले. नाव कोणालाच ठाऊक नाही, साल ठाऊक नाही. फक्त या भिंती आणि ही माती उरली. आता सांगा, इथे मोठा माणूस कुठे राहत होता आणि त्याच्या घरी पाणी भरणारा कुठे राहत होता?"

आपण पटापट बोटं दाखवली. कोणी सर्वांत जाड भिंतीकडे, कोणी उंचावरच्या जोत्याकडे. सर प्रत्येकाला एकच विचारत होते, "कशावरून?" जोत्याकडे बोट दाखवणाऱ्याला त्यांनी विचारलं, "तिथे धान्याचं कोठार नसेल कशावरून?" तो गप्प. पाणी भरणाऱ्याचं घर मात्र कोणालाच दाखवता आलं नाही. सर म्हणाले, "ते सापडणं फार अवघड असतं," आणि आपल्याला परत शाळेत आणलं.

तो 'कशावरून?' माझ्या डोक्यात राहिला. गेली वीसेक वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या कामात बऱ्याचदा माणूस समोर नसतो, त्याने मागे ठेवलेल्या खुणाच असतात : किती वाजता आला, कुठे थांबला, काय घेतलं. त्यावरून तो कोण असावा, त्याची ऐपत काय असावी, याचा अंदाज बांधायचा. पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं, ही माणसं आपलंच काम करतात. फरक इतकाच, की यांचा माणूस तीन हजार वर्षांपूर्वी उठून गेला आहे.

तेव्हा प्रश्न सरांचाच आहे. जिथे लिहिलेलं काहीच नाही, तिथे कोण वरचा, कोण खालचा, हे मातीवरून कसं कळतं? आणि कळलं असं आपल्याला वाटतं, ते कितपत खरं असतं?

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. शेताची जमीन ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, खापऱ्या हे सगळं एकावर एक साचून जमिनीचा रंगच बदलतो आणि टेकाड तयार होतं. पुरातत्त्वाचे लोक आधी अशी पांढरीची टेकाडंच शोधतात. आपल्या आजोबा-पणजोबांना जे एका शब्दात ठाऊक होतं, तिथूनच त्यांचं शास्त्र सुरू होतं, याची मला गंमत वाटते.

अशी टेकाडं आपल्या खान्देशात थोडी नाहीत. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केलं. साक्री तालुक्यातल्या कवठे गावी चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथली घरं म्हणजे जमिनीत खणलेले खड्डे आणि त्यावर छप्पर. त्या काळच्या संस्कृतीला 'सावळदा संस्कृती' म्हणतात, आणि ते नाव तापीकाठच्या आपल्या सावळदा गावावरून आलेलं आहे. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आहे. तिथे म. न. देशपांडे यांनी १९५०च्या दशकात खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मध्ययुगापर्यंतचे थर एकाखाली एक मिळाले. ताम्रपाषाण म्हणजे तांबं नुकतंच हाती आलेलं, पण रोजची बरीच कामं अजून दगडी पात्यांवर चाललेली, असा काळ. नदीच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे. तिथे त्या लोकांची दफनं मिळाली. अलीकडे राहायचं आणि मेल्यावर पलीकडे जायचं. गिरणा आपण कितीदा ओलांडली असेल, पण हे मला माहीत नव्हतं.

मात्र आपल्या प्रश्नाचं सर्वांत तपशीलवार उत्तर महाराष्ट्रात मिळालं ते थोडं दक्षिणेला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ एवढा काळ खणलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. एरवी उत्खनन म्हणजे एखादा खोल खड्डा घेऊन थर मोजायचे. इथे त्यांनी मुद्दाम आडवं खणलं, म्हणजे गावच्या गाव उघडं केलं. १३०हून अधिक घरं मिळाली. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे माणसं नांदली. गहू, जव, मसूर, वाटाणा पिकवत होती, गाई-गुरं, शेळ्या-मेंढ्या पाळत होती. त्यांच्या काळ्या नक्षीच्या लाल भांड्यांना 'जोर्वे' भांडी म्हणतात. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती प्रथम मिळाली म्हणून.

आता घरं पाहू. बहुतेक घरं चौकोनी, मातीच्या बुटक्या भिंतींची, वर कुडाचं बांधकाम. ती ओळीने होती आणि दोन घरांमध्ये बोळाएवढी मोकळी जागा सोडलेली होती. गावाच्या मध्यभागी एक घर मात्र पाच खोल्यांचं निघालं. त्याला लागूनच धान्याचं कोठार होतं : जमिनीत खणलेली पेवं आणि कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे. एका कुटुंबाला लागेल त्याहून हे कोठार मोठं. ढवळीकरांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की हे गावप्रमुखाचं घर असावं आणि लोकांकडून धान्याच्या रूपात गोळा होणारा वाटा इथे साठत असावा.

कारागीर कुठे राहत होते? कुंभार, सोनार, चुना भाजणारा, यांची घरं त्यांच्या कामाच्या खुणांवरून ओळखू आली, आणि ती गावाच्या पश्चिम कडेला होती. मधल्या भागात प्रमुख आणि खाऊनपिऊन सुखी शेतकरी, कडेला हातांनी वस्तू घडवणारे. हे वाचताना मी थांबले. पारोळ्यात वाढलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. आपल्या गावातही गल्लीचं नाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नसे.

अर्थात इथे घाई करून चालत नाही. कुंभार कडेला राहतो याचं साधं कारण भट्टीचा धूर आणि आगीची भीती हेही असू शकतं. पश्चिमेच्या कडेवरून 'जाती' वाचता येत नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीत आजचं सगळं घुसडलं तर आपल्याला आपलाच चेहरा दिसेल. एवढं मात्र म्हणता येतं, की गावात कोणी कुठे राहायचं याची काही एक रीत होती, आणि मधली जागा सगळ्यांसाठी नव्हती.

घरांपेक्षा जास्त बोलतात ती दफनं. इनामगावला माणसं मेल्यावर घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यात मूल. मोठ्या माणसाला खड्ड्यात उत्तर-दक्षिण झोपवत आणि त्याचे पाय घोट्यापासून तोडत. का, तर त्याने उठून निघून जाऊ नये, आपल्यातच राहावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला हे आधी भयंकर वाटलं. मग आजी गेली तेव्हा आई तिच्या खोलीत महिनाभर दिवा लावत होती ते आठवलं, आणि तितकंसं वाटलं नाही.

या सगळ्यांत एक दफन वेगळं निघालं. मध्यभागातल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा एक मोठा रांजण होता. त्यात चाळिशीतला एक पुरुष, म्हणजे आपल्याच वयाचा, मांडी घालून बसवल्यासारखा होता. त्याचे पाय तोडलेले नव्हते. रांजण वेगळा, बसण्याची ढब वेगळी, घर वेगळं आणि पाय शाबूत. एकेक गोष्ट घेतली तर तिचा दुसरा अर्थ लावता येईल. मोठं घर म्हणजे मोठं कुटुंबही असू शकतं. कोठार सगळ्या गावाचं सामायिक असू शकतं. वेगळं दफन एखाद्या भगताचं असू शकतं. पण मोठं घर, मधली जागा, कोठार आणि वेगळं दफन हे चारही पुरावे एकाच बाजूला बोट दाखवतात, तेव्हा अंदाजाला वजन येतं. आम्ही इंजिनिअर लोकही एका खुणेवर विश्वास ठेवत नाही. वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या तीन-चार खुणा जुळल्या, तरच बोलतो.

तरीही 'प्रमुख होता' इतकंच यातून निघतं. तो कर्तबगारीने प्रमुख झाला की जन्माने? हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण वर्ग म्हणजे नुसतं कमी-जास्त असणं नव्हे, ते पुढच्या पिढीला मिळणं. याचं उत्तर मोठ्यांच्या थडग्यात मिळत नाही, ते मुलांच्या थडग्यात शोधावं लागतं. हा मुद्दा मला कळला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

याच जोर्वे काळातली चांडोली आणि नेवासे ही गावं. तिथल्या मुलांच्या दफनांत काही मुलांच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांच्या माळा होत्या. नेवाशाच्या एका माळेतला धागाही शिल्लक राहिला होता, रेशीम आणि कापसाचा. बाकीच्या मुलांजवळ मात्र फक्त मातीची भांडी. आता विचार करा. तांबं त्या काळी दुर्मीळ आणि महाग. दोन वर्षांच्या मुलाने काय कमावलं असेल? त्याने ना शिकार केली, ना नांगर धरला, ना गावासाठी भांडला. त्याच्या गळ्यात तांबं आलं ते फक्त तो ज्या घरात जन्मला त्या घरामुळे. म्हणजे जन्माने मिळणारा फरक, तीन हजार वर्षांपूर्वी, आपल्या या गोदावरी-भीमेच्या मुलखात.

पण मी आई आहे, म्हणून दुसरीही शक्यता मनात येते. ज्या बाईने ती माळ बाळाच्या गळ्यात राहू दिली, तिच्याकडे ती एकच असेल तर? श्रीमंतीमुळे नव्हे, तर दुःखामुळे घरातली एकुलती मौल्यवान वस्तू मातीत गेली असेल तर? खणणाऱ्याला मणी मोजता येतात. ते देणाऱ्याच्या घरात मागे काय उरलं ते मोजता येत नाही. एका गावात एका माळेवरून काही ठरवू नये. अनेक गावांत तेच दिसलं, तर बोलावं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, मध्य अमेरिकेत, माया संस्कृतीचे अभ्यासक याच प्रश्नाशी झुंजत आले आहेत. मेक्सिकोतल्या पालेंके इथे १९५२ साली अल्बेर्तो रूझ यांना एका मंदिराच्या पायथ्याशी, जिना उतरून गेल्यावर, पाकाल राजाची कबर मिळाली. राजा इ. स. ६८३ मध्ये वारला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हिरव्या जेड दगडाचा मुखवटा होता. असं काही मिळालं की वरचा वर्ग ओळखायला डोकं लागत नाही. शिवाय माया लोकांना लिहिता येत होतं. त्यांची लिपी वाचता येऊ लागल्यावर राजांची नावं, सरदारांच्या पदव्या, सगळं दगडावरच मिळालं. होंडुरासमधल्या कोपान इथे तर राजवाड्यापासून दूरच्या एका वाड्यात कोरीव अक्षरांची दगडी बैठक मिळाली. तो वाडा लेखनिकाच्या घराण्याचा मानतात. म्हणजे राजा नसलेला, पण अक्षरांमुळे मोठा झालेला माणूस.

खालच्या वर्गाचं काय? कोपानमध्ये घरांच्या जोत्यांची उंची, त्यांचा आकार आणि दगडकाम पाहून घरांचे चार प्रकार पाडले गेले. सर्वांत खालचा प्रकार म्हणजे बुटकं, साधं जोतं. त्यावरचं लाकूड आणि गवत कधीच कुजून गेलं. उरलं काय, तर मातीचा उंचवटा. त्यावरून गरीब माणूस कसा राहत होता, याचे सगळे अंदाज. मग १९७६ साली एल साल्वादोरमध्ये एक बुलडोझर जमीन सपाट करत असताना राखेखाली एक घर निघालं. होया दे सेरेन हे ते गाव. चौदाशेच्या सुमारास वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली ते जसंच्या तसं गाडलं गेलं होतं. पेसन शीट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उकललं. साधी शेतकऱ्यांची घरं. पण प्रत्येक घरात रंगीत नक्षीची भांडी होती, काचेसारख्या धारदार दगडाची पाती होती, झोपायची, स्वयंपाकाची आणि साठवणीची वेगळी बांधकामं होती. नुसतं जोतं पाहून 'गरीब' म्हटलेला माणूस आपण समजलो तितका रिकामा नव्हता. एरवी कुजून जाणारं, लोक जाताना बरोबर घेऊन जाणारं सगळं इथे जागच्या जागी होतं, म्हणून हे कळलं.

हे वाचलं आणि मला आपल्या वर्गातली एक मुलगी आठवली. हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतला.

सातवीत असताना गावातल्या एका दात्याने गरजू मुलांसाठी वह्या दिल्या होत्या. मी मॉनिटर. बाईंनी मला सांगितलं, "वर्गातल्या गरजू मुलींची यादी कर. तुम्हाला एकमेकींचं जास्त ठाऊक असतं." मी मोठ्या ऐटीत यादी केली. कशावरून केली? चपला पाहिल्या, दप्तर पाहिलं, डबा पाहिला. ही मुलगी तीन पुडांचा चकचकीत स्टीलचा डबा आणायची. मधल्या सुट्टीत आम्ही कागदात गुंडाळलेली भाकरी सोडायचो आणि ती डब्याच्या कड्या काढायची. गणवेश कायम स्वच्छ, इस्त्रीचा. मी तिचं नाव घातलं नाही. कोणीतरी म्हणालंही, "तिचंही लिही ना." मी म्हणाले, "तिला कशाला? ती श्रीमंत आहे." तिने ते ऐकलं. ती काही बोलली नाही.

पुढे कळलं, तिची आई एका मोठ्या घरी धुणीभांडी करायची. डबा त्या घरचा होता. त्यांनी नवा घेतला तेव्हा जुना हिला दिला. इस्त्रीही तिथलीच. त्या घरचे कपडे झाल्यावर निखारे विझायच्या आत आई हिचा गणवेश फिरवून घ्यायची. डब्यात बहुतेक वेळा एकाच पुडात काहीतरी असायचं. आम्हाला कधी दिसलं नाही, कारण ती झाकण आपल्याकडे वळवून खायची.

पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. घरचे सगळे सुरतेला गेले असं ऐकलं. आपल्या भागातून किती घरं अशी सुरतेला गेली ते आपण जाणतोच. माझ्या यादीमुळे ती गेली असं मी म्हणत नाही, डझनभर वह्यांनी कोणाचं घर थांबत नाही. पण सरांनी किल्ल्यात 'कशावरून?' विचारलं ते पुढच्या वर्षी, आणि त्या वेळी ती आमच्यात नव्हती. एक चकचकीत वस्तू पाहून मी एका माणसाचा वर्ग ठरवला होता, आणि ती वस्तू त्या घरात कुठून आली हे विचारलंच नव्हतं. नेवाशाच्या माळेपाशी मी थांबते ती म्हणून.

इनामगावकडे परत येऊ, कारण त्या गावाचा शेवटही सांगायला हवा. इ. स. पू. १०००च्या सुमारास तिथली प्रशस्त चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. हवामान कोरडं होत गेलं, शेती खालावली, हरणांची शिकार वाढली, असं ढवळीकरांचं म्हणणं. इनामगावला दोनशेहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले आणि त्यात मुलांचे फार. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन ल्युकाक्स यांनी त्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांची हाडं तपासली, तेव्हा उत्तर काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली. इ. स. पू. ७००च्या सुमारास गाव ओस पडलं. त्या पडत्या काळात पेवातला शेवटचा दाणा कोणाला मिळाला आणि गाव सोडून आधी कोण निघालं, हे माझ्या मनात घोळत राहतं. आपण १९७२च्या दुष्काळानंतर जन्मलेली मुलं, पण घरोघरी त्या गोष्टी ऐकत वाढलो. सुकडी, खडी फोडण्याची कामं, विकलेली गुरं. दुष्काळ सगळ्यांवर एकदम येतो, पण सगळ्यांना सारखा लागत नाही, हे आपल्या आजीला पुस्तकाशिवाय माहीत होतं.

इनामगाव उठल्यावर काही शतकांनी आपल्या भागात अक्षरं आली, आणि मग एक सुंदर गोष्ट घडली. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. कोणी पैठणचा अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारा, कोणी वैद्य. राजे-महाराजेच दान देत असं नाही, धंदेवाईक माणसंही देत, आणि आपला धंदा लाज न बाळगता लिहीत. तिथे यक्षाची एक हसरी, बुटकी, गुटगुटीत मूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लिहिलेलं आहे, की ही कान्हदास नावाच्या सोनाराने केली. हे काम उजेडात आणणारे म. न. देशपांडेच, बहाळला खणणारे. इनामगावच्या कडेला राहणाऱ्या सोनाराचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्याची भट्टी तेवढी आपण पाहिली. कान्हदासाने मात्र स्वतःच सांगून टाकलं. दोघांमधला फरक सोन्याचा नव्हता, अक्षरांचा होता.

म्हणून, आदरणीय सर आणि बाई, तुम्ही आम्हाला जे दिलं त्याची किंमत मला या लेखाच्या निमित्ताने नव्याने कळली. ज्याला लिहिता येतं, त्याच्याबद्दल दुसऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आता कल्पना करा. तीन हजार वर्षांनी कोणीतरी पारोळ्याची पांढरी खणतं आहे. खंदक सापडेल, बुरुज सापडतील. बालाजीचं मंदिर, मोठ्या वाड्यांची दगडी जोती, नंतरच्या थरात सिमेंटचे कॉलम. धाब्याची घरं मात्र मातीत मिसळून गेली असतील. आमच्या घराचंही धाबंच होतं. दरवर्षी पावसाळ्याआधी वडील त्यावर खारी माती टाकायचे. त्या घराचा मागमूस राहणार नाही. स्टीलचे डबे मात्र नक्की मिळतील, आणि त्यावरून कोणीतरी काहीतरी ठरवेल.

आणि ही स्मरणिका? तीही एक थरच. यात कोण आहे? ज्यांचे नंबर ग्रुपवर आहेत ते. पुणे, नाशिक, मुंबई, अमेरिका. डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, बागायतदार, आणि माझ्यासारखे संगणकवाले. कोणी ही पुस्तिका पुढे वाचली तर म्हणेल, काय यशस्वी बॅच होती! पण सातवीच्या हजेरीत जी नावं होती, ती सगळी दहावीच्या हजेरीत नव्हती, आणि दहावीच्या हजेरीतली सगळी या स्मरणिकेत नाहीत. जे मधेच गळाले त्यांचा इथे उंचवटाही नाही. पाणी भरणाऱ्याचं घर सापडणं अवघड असतं, असं सर म्हणाले होते, ते हेच.

मी समितीला एक विनंती केली आहे आणि त्यांनी ती मानली आहे. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या हजेरीपत्रकांत आपल्या तुकडीत ज्यांची ज्यांची नावं येऊन गेली, त्या सगळ्यांची यादी करायची. मग त्यांनी शाळा कधीही सोडलेली असो. यादी यावेळी मी एकटी करणार नाही. प्रत्येकाने आपल्या गल्लीतली, आपल्या बाकावरची नावं आठवून पाठवावीत. सुरतेत उधना, लिंबायत भागात आपली बरीच माणसं आहेत. कोणाचे नातेवाईक असतील तर विचारावं. तीन पुडांच्या डब्याची खूण सांगितली तर कदाचित कोणाला आठवेल.

ती सापडली तर तिने येऊन स्वतःबद्दल काय लिहायचं ते स्वतः लिहावं. पुढच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत पहिलं पान तिच्यासाठी ठेवा, एवढं माझं ऐका.